मार्टिनिकला उतरणार असाल तर

अमेरिकेत मुलांकडे आलेल्या आई-बाबांना हिवाळ्यात कॅरिबियनची क्रूझ घडवायची, ही आता मराठी घरांतली नेहमीची गोष्ट झाली आहे. मायामीहून किंवा पोर्तो रिकोच्या सान हुआनहून जहाज निघतं, जवळपास रोज एक नवं बेट लागतं, आणि दक्षिणेकडच्या फेरीत त्या यादीत बऱ्याचदा मार्टिनिक असतं. बार्बेडोस, अँटिगा, जमैका ही नावं क्रिकेटमुळे आपल्या ओळखीची. मार्टिनिक मात्र अनेकांनी तिकिटावरच पहिल्यांदा वाचलेलं असतं. तिथे फ्रेंच बोलतात, व्यवहार युरोत होतो, समोरच्याला इंग्रजी येईलच असं नाही, एवढं कळलं की काही कुटुंबं ठरवून टाकतात की आज जहाजावरच राहू, गर्दी नसेल, पोहायचा तलाव मोकळा मिळेल. माझी कळकळीची विनंती आहे की असं करू नका. उतरा. फक्त उतरण्याआधी बेटावरची एक दिशा निवडा आणि बाकीचं बेट त्या दिवसापुरतं सोडून द्या.

असं का म्हणतो, ते वेळेचा हिशेब मांडला की कळेल. समजा जहाज सकाळी आठला लागतं आणि संध्याकाळी पाचला सुटतं. कागदावर नऊ तास. पण धक्क्याला लागल्यावर स्थानिक अधिकाऱ्यांची परवानगी, मग उतरणाऱ्यांची रांग, आणि सुटण्याच्या निदान अर्धा-पाऊण तास आधी सगळ्यांनी परत चढलेलं असायला हवं हा नियम. आई-बाबा बरोबर असतील तर त्यात आणखी थोडा वेळ धरायचा. खरे हातात येतात सहा तास. फोर-द-फ्रान्स या राजधानीच्या आसपासचे रस्ते सकाळ-संध्याकाळ वाहनांनी तुंबलेले असतात. त्यामुळे सकाळी उत्तरेला ज्वालामुखी, दुपारी दक्षिणेचा समुद्रकिनारा आणि येताना बाजार, असा बेत आखणाऱ्यांचा बहुतेक दिवस गाडीच्या काचेतून बाहेर बघण्यातच जातो.

आणि घड्याळ. मार्टिनिकमध्ये वर्षभर एकच वेळ असते. मायामीची वेळ हिवाळ्यात तिच्यापेक्षा एक तास मागे असते. काही जहाजं बेटाप्रमाणे घड्याळ बदलतात, काही बदलत नाहीत, आणि किनाऱ्यावर उतरताच फोन मात्र आपोआप स्थानिक वेळ दाखवू लागतो. परतीची वेळ जहाजाच्या वेळेनुसार आहे की बेटाच्या, हे उतरताना दारातल्या कर्मचाऱ्याला विचारून घ्या, आणि घरातल्या एकाने तरी हातावर साधं घड्याळ त्या वेळेला लावून बांधावं. जहाजाने स्वतः आखलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबतं. स्वतःच्या हिमतीवर फिरणाऱ्यांसाठी ते थांबत नाही. मग पुढचं बंदर विमानाने गाठायचं, आणि तेही स्वतःच्या खर्चाने.

कागदपत्रांचं तर तिकीट काढण्याआधीच बघायला हवं. मार्टिनिक १९४६ पासून फ्रान्सचा एक प्रांत आहे आणि युरोपीय संघातही आहे, पण शेंगेन क्षेत्रात नाही. त्यामुळे युरोप फिरायला काढलेला शेंगेन व्हिसा इथेही चालेल असं धरून चालू नका. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी क्रूझ कंपनीला आणि फ्रेंच वकिलातीला लेखी विचारावं आणि आलेलं उत्तर छापून जवळ ठेवावं. मार्गातल्या एखाद्या बंदराची कागदपत्रं कमी असली तर कंपनी मूळ बंदरातच चढू देत नाही, असं होऊ शकतं. अमेरिकेत परत शिरण्याचाही विचार तेव्हाच करा. आई-बाबांचा व्हिसा अनेक वेळा प्रवेश देणारा हवा. तुम्ही स्वतः एच-वन-बीवर असाल आणि पासपोर्टवरच्या शिक्क्याची मुदत संपली असेल, तर कॅनडा-मेक्सिकोहून थोड्या दिवसांत परतणाऱ्यांना मिळणारी सवलत तुम्हाला या बेटांसाठी मिळत नाही. सुट्टी मजेत घालवून परत येताना विमानतळावर किंवा बंदरावर अडकण्यापेक्षा हे आधी विचारलेलं शंभर पटीने बरं.

आता दिशा निवडायची. मला विचाराल तर मी उत्तर दिशा सांगेन, सां-पिएर.

बंदरापासून सुमारे तीस किलोमीटरवर, पश्चिम किनाऱ्याने जाणाऱ्या रस्त्याच्या टोकाला हे गाव आहे. आज वस्ती चार-पाच हजारांची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र हे बेटावरचं सर्वांत मोठं आणि श्रीमंत शहर होतं, त्याला अँटिल्सचं पॅरिस म्हणत. नाट्यगृह, वर्तमानपत्रं, साखरेचा आणि रमचा व्यापार, सगळं इथे. गावाच्या डोक्यावर पेले नावाचा ज्वालामुखी. उंची १,३९७ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा कमी. १९०२ च्या एप्रिलपासून तो धुमसत होता, राख पडत होती, आसपासच्या खेड्यांतली माणसं जीव मुठीत धरून शहरातच आसऱ्याला येत होती. लोकांना धीर वाटावा म्हणून गव्हर्नर लुई मुते स्वतः सां-पिएरला येऊन राहिला. ८ मे १९०२ च्या सकाळी आठच्या सुमारास डोंगरातून तापलेल्या वायूचा आणि राखेचा लोट थेट खाली सुटला आणि काही मिनिटांत शहर संपलं. सुमारे २८,००० माणसं गेली. त्यांत गव्हर्नरही होता. बंदरात नांगरलेली जहाजंसुद्धा जळाली, त्यांतल्या काहींचे सांगाडे अजून समुद्रतळाशी आहेत.

शहरातून वाचलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. त्यांतला एक सिपारीस नावाचा कैदी. जाड दगडी भिंतींच्या, वाऱ्याला जेमतेम एक फट असलेल्या कोठडीत त्याला कोंडलेलं होतं. अंग भाजलं, पण जीव राहिला, आणि काही दिवसांनी लोकांनी त्याला बाहेर काढलं. ती कोठडी आजही उभी आहे. शेजारीच नाट्यगृहाचे अवशेष, रुंद पायऱ्या वर जातात आणि वर फक्त आकाश असतं. जवळच या दुर्घटनेचं स्मारक-संग्रहालय आहे. त्याची सुरुवात फ्रँक पेरे या अमेरिकन ज्वालामुखी अभ्यासकाने १९३३ मध्ये केली. वितळून एकमेकांना चिकटलेल्या काचा, उष्णतेने वाकडी झालेली चर्चची घंटा असं बरंच काही तिथे ठेवलं आहे. आधी संग्रहालय बघा आणि मग अवशेषांत फिरा. उलट क्रमाने गेलात तर नुसत्या पडक्या भिंती दिसतील. पेले आणि उत्तरेकडच्या डोंगररांगांना २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळालं आहे.

तीन-चार जणांनी मिळून टॅक्सी ठरवली तर जाताना किनाऱ्याने आणि येताना डोंगरातून असा फेरा सहा तासांत बसतो. परतीचा रस्ता मोर्न-रूज गावावरून घनदाट पावसाळी जंगलातून येतो. झाडांएवढे उंच नेचे, बांबूची बेटं, आणि केव्हाही कोसळणारी सर. या वाटेवर राजधानीच्या अलीकडे दहा किलोमीटरवर बालाताची बाग लागते. जाँ-फिलिप तोझ या बागायतदाराने आजीच्या घराभोवती ती फुलवली आणि १९८६ मध्ये लोकांसाठी खुली केली. झाडांच्या शेंड्यांजवळून जाणारे दोरांचे पूल आहेत, मुलांना ते फार आवडतात. पण वेळ कमी असेल तर बाग सोडा, सां-पिएर सोडू नका.

टॅक्सी ठरवताना सगळं आधीच स्पष्ट करून घ्या. भाडं माणशी की गाडीचं, युरोत की डॉलरमध्ये, थांबण्याचा वेळ त्यात धरला आहे का, आणि धक्क्यावर किती वाजता परत आणायचं. आकडे कागदावर लिहा, मग भाषेची अडचण उरत नाही. संपूर्ण पैसे शेवटी द्या.

वाटेत ऊसमळे दिसतील आणि दारूभट्ट्याही. सांगली-कोल्हापूरकडच्या मंडळींना यात खास रस वाटेल. आपल्याकडे साखर काढून उरलेल्या मळीपासून मद्यार्क करतात. इथे ताज्या उसाचा रसच आंबवून रम करतात, आणि तिला फ्रान्सने १९९६ मध्ये वाइनसारखा भौगोलिक दर्जा दिला. भट्ट्या बघायला मोकळ्या असतात. पिणारे नसाल तरी चरक, रसाचा वास, जुनी वाफेची यंत्रं हे बघण्यासारखं आहे. स्वतः गाडी भाड्याने घेतली असेल तर चालवणाऱ्याने चाखण्याच्या टेबलाकडे फिरकू नये, एवढं पाळाच.

ज्यांना इतकं लांब जायचं नाही, गुडघे दुखतात, गाडी लागते, त्यांच्यासाठी फोर-द-फ्रान्स शहर आहे आणि ते दुय्यम नाही. जहाज प्वांत सिमाँच्या धक्क्याला लागलं तर तुम्ही पायऱ्या उतरून थेट शहरात येता. दुसरा धक्का, तुरेल, थोडा लांब आहे, तिथून टॅक्सी करावी. सावान या मोठ्या मैदानाच्या कडेला शोएल्शेर ग्रंथालय दिसेल. लोखंड, रंगीत काच आणि घुमट. आँरी पिक या वास्तुविशारदाची ही इमारत पॅरिसमध्ये घडवून तुकड्या-तुकड्यांनी समुद्रमार्गे आणली आणि १८९३ मध्ये उघडली. गुलामगिरीविरुद्ध आयुष्य घालवणारे फ्रेंच नेते व्हिक्तोर शोएल्शेर यांनी आपली सुमारे १०,००० पुस्तकं या बेटाला दिली होती. बरीचशी १८९० च्या आगीत गेली. आत शांतपणे जा, लोक वाचत बसलेले असतात.

या मैदानाबद्दल एक गोष्ट माहीत करून घ्या, म्हणजे या लोकांकडे बघण्याची नजर बदलेल. नेपोलियनची पहिली पत्नी जोझेफीन याच बेटावर, मळेवाल्या कुटुंबात जन्मली. तिचा संगमरवरी पुतळा सावानवर होता. नेपोलियनच्या राजवटीने १८०२ मध्ये गुलामगिरी चालू ठेवली, त्यात तिचा हात होता असं अनेक मार्टिनिकवासी मानतात. १९९१ मध्ये कुणीतरी पुतळ्याचं डोकं उडवलं, ते परत बसवलं गेलं नाही. २०२० मध्ये आंदोलकांनी पुतळाच पाडला. त्याच वर्षी शोएल्शेर यांचेही पुतळे पाडले गेले, कारण स्वातंत्र्य आम्हाला कुणा गोऱ्याने दिलं नाही, ते आमच्या पूर्वजांनी मिळवलं, असं तरुणांचं म्हणणं होतं. त्याला आधार आहे. पॅरिसमध्ये गुलामगिरी रद्द झाल्याचा हुकूम बेटावर पोचण्याआधीच २२ मे १८४८ रोजी इथल्या गुलामांनी बंड केलं आणि दुसऱ्याच दिवशी गव्हर्नरला मुक्ती जाहीर करावी लागली. २२ मे ही इथे सार्वजनिक सुट्टी असते. कवी एमे सेझेर १९४५ पासून २००१ पर्यंत या शहराचे महापौर होते, आणि वसाहतवादावर जगभर वाचला जाणारा विचारवंत फ्रान्झ फानोन याच शहरात १९२५ मध्ये जन्मला. महाराष्ट्रातल्या वाचकाला हा इतिहास परका वाटू नये.

मैदानापासून चालत दहा मिनिटांत झाकलेला मोठा बाजार येतो. तिखट, जायफळ, दालचिनी, व्हॅनिला, हळद. चौकड्यांचं रंगीत सुती कापड दिसेल, त्याचं नावच मद्रास आहे. आणि कोलंबो नावाचा मसाला, धणे-जिरे-हळद-मोहरीच्या जातीचा. गुलामगिरी संपल्यावर मळ्यांवर राबायला १८५३ पासून तीसेक वर्षांत सुमारे पंचवीस हजार भारतीय इथे आणले गेले, बहुतेक पाँडेचेरी-कारैकल बाजूचे तमिळ. करार संपल्यावर काही परतले, काही इथेच मिसळून गेले. त्यांचा मसाला आज अख्ख्या बेटाच्या स्वयंपाकात आहे. विकणाऱ्या बाईचा चेहरा ओळखीचा वाटला तर नवल नाही, पण ती भारताबद्दल बोलेलच अशी अपेक्षा ठेवू नका. ती मार्टिनिकची आहे. फोटो काढण्याआधी विचारा, आणि नको म्हणाली तर फोन खाली ठेवा.

दुकानात, टॅक्सीत, बाजारात, कुठेही शिरताना आधी ‘बोंझूर’ म्हणायचं आणि मग काय हवं ते विचारायचं. थेट इंग्रजीत ‘हाउ मच’ म्हणणं इथे उद्धटपणाचं मानतात, आणि मग पर्यटक तक्रार करतात की लोक तुसडे आहेत. पर्यटकांची दुसरी नेहमीची तक्रार महागाईची. भाव जास्त आहेत, खरंच. पण फ्रान्सच्या सांख्यिकी संस्थेच्या २०२२ च्या पाहणीत इथले खाद्यपदार्थ मुख्य भूमीपेक्षा सुमारे ४० टक्के महाग निघाले, आणि ते भाव इथली माणसं रोज मोजतात. २०२४ मध्ये याच कारणावरून बेट पेटलं होतं. तेव्हा दोन युरोंसाठी घासाघीस नको. मसाल्याची पुडी जहाजावरच्या दुकानातून घेण्यापेक्षा त्या बाईकडून घ्या, पैसे तिच्या घरी जातील. थोडे युरो सुटे जवळ ठेवा, कार्ड मोठ्या ठिकाणी चालतं.

शाकाहारी मंडळींनी नीट लक्ष द्यावं. इथे सगळीकडे मिळणारी गरम भजी, ज्यांना आक्रा म्हणतात, ती बहुधा खारवलेल्या माशाची असतात. कोलंबो म्हणजे सहसा कोंबडी किंवा बकरा. ‘मांस नाही, मासा नाही’ ही दोन्ही वाक्यं फ्रेंचमध्ये फोनवर आधीच उतरवून ठेवा आणि दाखवा, कारण नुसतं शाकाहारी म्हटलं तर मासा चालेल असं काहीजण समजतात. भाज्यांचे आक्रा मिळतात, भात आणि लाल राजमा मिळतो, पिकलेलं तळलेलं केळं मिळतं. नीरफणस तर इथलं रोजचं अन्न आहे. कोकण-गोव्याकडे ज्याचे काप करतात तोच. जेवायची वेळ बारा ते दोन. त्यानंतर स्वयंपाकघरं बंद होऊ लागतात, आणि जेवण घाईने वाढण्याची इथे पद्धत नाही, म्हणून साडेबारालाच बसा. जहाजावरची फळं, सँडविच खाली नेऊ नका, बहुतेक बंदरांवर मनाई असते. बंद पाकिटातला खाकरा पर्समध्ये असू द्या.

समुद्रच हवा असेल तर शहराच्या धक्क्यावरून खाडीपलीकडे त्रुआ-झिलेकडे जाणारी प्रवासी बोट पकडा. वीसेक मिनिटांत तुम्ही किनाऱ्यावर असता. शेवटच्या परतीच्या बोटीवर भिस्त ठेवू नका, तिच्या आधीचीच धरा. दक्षिण टोकाचा ले सालीन हा किनारा फार सुंदर आहे, पण बंदरावरच्या दिवसासाठी लांब पडतो. किनाऱ्यावर एका झाडाला जपा. खोडावर लाल पट्टा रंगवलेला किंवा पाटी लावलेली दिसली तर तो मांसनिये. त्याचा चीक कातडी जाळतो, लहान हिरव्या सफरचंदासारखं फळ विषारी असतं, आणि पाऊस आला म्हणून त्याच्याखाली उभं राहिलं तर ठिबकणाऱ्या पाण्यानेही फोड येतात. मुलांना हे आधी सांगा. दिसेल त्या झाडाखाली चादर पसरू नका.

बंदराचा दिवस रविवारी येत असेल तर शहराचा बेत रद्दच करा. दुकानं आणि बाजार बंद असतात, रस्ते ओस पडतात. शनिवारीही दुपारनंतर तीच गत. अशा वेळी बालाता किंवा खाडीपलीकडचा किनारा बरा.

आई-बाबांसाठी दोन गोष्टी. सार्वजनिक स्वच्छतागृहं कमी आहेत, म्हणून धक्क्यावर, संग्रहालयात, जेवणाच्या ठिकाणी, जिथे मिळेल तिथे आठवणीने जाऊन यावं. आणि दिवसभराची औषधं, मधुमेह असेल तर गोड काहीतरी, हातातल्या पिशवीत असावं, खोलीत नाही. उन्हापेक्षा दमट हवा जास्त दमवते. तातडीच्या वेळी ११२ हा क्रमांक चालतो. अमेरिकेतला आरोग्य विमा इथे लागू होईलच असं नाही, म्हणून क्रूझपुरता वेगळा प्रवास विमा घ्या, त्यात वयस्कांचे जुने आजार धरले आहेत का ते वाचून घ्या. युरोपातून आलेल्यांना एक सोय आहे, संघातल्या देशांची मोबाईल सेवा इथेही रोमिंगच्या जादा आकाराविना चालते. अमेरिकेतून आलेल्यांनी मात्र फोन कंपनीला आधी विचारावं, नाहीतर नकाशे उतरवून घेऊन डेटा बंद ठेवावा.

शेवटी, समुद्र खवळला किंवा वारा वाढला तर कप्तान बंदर वगळू शकतो, तो अधिकार तिकिटाच्या अटींत त्याच्याकडे असतो. जहाजाच्या सहलीचे पैसे अशा वेळी परत मिळतात. टॅक्सी किंवा वाटाड्या तुम्ही स्वतः आगाऊ ठरवला असेल, तर जहाज लागलंच नाही तर काय, हे पैसे पाठवण्याआधी त्याच्याकडून लिहून घ्या.